दोन हजारांचा सुपरचार्जर

८ फेब्रुवारी, रविवार

आज गाडी पुन्हा रॅम्पवर अडकली. ही तिसरी वेळ. आत मी, चेतना, आमची लेक केतकी आणि फरीदाबादहून आलेली चेतनाची मावसबहीण, जी अंगानं जरा... जाऊ दे, ही वही कधी चेतनाच्या हाती लागेल सांगता येत नाही. बेसमेंटातून वर रस्त्यावर येणाऱ्या त्या चढावर मधोमध गाडीनं आचका दिला आणि बंद पडली. मागे अकरा गाड्या. नोएडात माणसं हॉर्न वाजवताना शेजारधर्म पाळत नाहीत. शेवटी नेहमीप्रमाणे तिघींना उतरवलं, त्या चालत वर गेल्या, गाडी खाली घेतली आणि धाव घेऊन रिकामी गाडी मी एकट्यानं वर आणली. मावसबहीण म्हणाली, "भावोजी, मेट्रोनं गेलो असतो तर बसून गेलो असतो." मला हसू आलं नाही.

संध्याकाळी सोसायटीच्या असोसिएशनची नोटीस आली. अध्यक्ष खुराना साहेबांची सही. पुन्हा एकदा रॅम्प अडला तर बेसमेंटाचा स्टिकर रद्द. बाहेर गाडी लावायला जागा नाही. फाटकापासून मेट्रोपर्यंत ई-रिक्षा आणि मोमोवाले. म्हणजे स्टिकर गेला की गाडी विकायची.

खरं सांगायचं तर मला भीती वाटली. नोव्हेंबरात मी निवृत्त होतोय. दिल्लीच्या मंत्रालयात अवर सचिव म्हणून निदान माझ्या सहीला किंमत आहे. घरात मी एकच काम करतो, ते म्हणजे शनिवार-रविवार सगळ्यांना गाडीनं नेणं. तेही गेलं तर मी घरात नक्की काय करतो हा प्रश्न निघेल, आणि केतकी तो विचारल्याशिवाय राहणार नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

गाडीत दोष नाही. अकरा वर्षांची आहे, लहान इंजिन आहे, एवढंच. चालवणाऱ्यातही दोष नाही. साताऱ्याला १९८९ साली ज्यांच्याकडे शिकलो त्यांनी सांगितलं होतं, पहिला गिअर फक्त गाडी हलवण्यापुरता, नंतर लगेच दुसरा. पहिल्यात रेटणं म्हणजे पेट्रोल पिणं आणि इंजिनाचा छळ. मी आजतागायत कुठलाही चढ पहिल्यात चढलेलो नाही. तेव्हा उरते ती ताकद. ताकद कमी पडते आहे.

मेट्रोत एक व्हिडिओ पाहिला. इलेक्ट्रिक सुपरचार्जर. इंजिनात हवा कोंबणारा पंखा, बारा व्होल्टवर चालणारा. जास्त हवा, जास्त जाळ, जास्त ताकद. तत्त्व बिनचूक आहे. किंमत दोन हजारांच्या आत. परदेशी गाड्यांत हेच लाखांत बसतं म्हणे. मनात म्हटलं, लोकांना शोधायचा कंटाळा, दुसरं काय!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

प्रस्ताव फाईलवर मांडला.

आमच्या घरी लॉकडाऊनपासून फाईल आहे. फ्रिजवर असते. त्याआधी या दोघी मला तोंडी काहीतरी सांगायच्या, मी विसरायचो, मग वाद. आता ज्याला जे हवं ते कागदावर लिहून फाईलला लावायचं. मी शनिवारी चहाबरोबर निकाल देतो. गेल्या शनिवारी एका कपात सात प्रकरणं निकाली काढली. प्रत्येक कागद वाचत बसलो तर चहा निवतो. घरच्या माणसांवर विश्वास हवा. सही मी हिरव्या शाईनं करतो. ऑफिसात हिरवी शाई फक्त बड्या साहेबांनाच; घरात मला अडवणारं कोणी नाही.

चेतनानं माझ्या प्रस्तावावर लिहिलं, "आधी माझ्याशी बोला." मी खाली "पाहिलं" लिहून ऑर्डर दिली.

तिनं डॉक्टरांची ती चिठ्ठी पुन्हा माझ्या टेबलावर ठेवली आहे. ट्रेडमिल टेस्ट. संक्रांतीला मला जरा ॲसिडिटी झाली होती, तिळगुळाची असणार. कॅबनं जाऊन ईसीजी काढून आलो, विषय संपला. चेतनाचा संपलेला नाही. टेस्ट सवडीनं करू. आधी स्टिकर.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

यंत्र आलं. डब्यावर ड्रॅगन आहे आणि "३५% अधिक पॉवर" असं लिहिलंय. आत काळ्या प्लास्टिकचा पंखा, साधारण वरणाच्या वाटीएवढा. वजनाला हलका आहे. केतकी म्हणाली, फारच हलका आहे.

केतकी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे प्रत्येक गोष्टीवर बोलणं तिला कर्तव्य वाटतं. तिनं कागदावर आकडे मांडले. "बाबा, तुमचं इंजिन जोरात फिरतं तेव्हा मिनिटाला दीड हजार लिटर हवा स्वतःच ओढतं. हा पंखा जेमतेम लॅपटॉपच्या पंख्याचा मोठा भाऊ आहे. तो हवा कोंबणार नाही, उलट वाटेत उभा राहील. खरे इलेक्ट्रिक सुपरचार्जर असतात, पण त्यांना वेगळी मोठी बॅटरी लागते, काही किलोवॅट खातात. हा तर बल्बएवढी वीज घेतो, यार!"

"वडिलांना यार म्हणू नये," मी म्हणालो. बाकी मुद्द्यांना उत्तर देण्याची गरज वाटली नाही. तिचं ज्ञान पुस्तकी आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

अर्धी रजा काढून मेकॅनिककडे गेलो. त्यानं यंत्र हातात घेऊन उलटसुलट केलं.

"अंकल जी, ये तो बाथरूम का एग्जॉस्ट है।"

"आप लगाइए," मी म्हणालो.

"लगा दूँगा। पर किसी को बताना मत कि मैंने लगाया।"

एअर फिल्टर आणि इंजिन यांच्यामधल्या नळीत त्यानं ते बसवलं. स्टिअरिंगच्या डावीकडे लाल बटण. दाबलं की बारीक किणकिण ऐकू येते. घरी येताना मला स्पष्ट जाणवलं की गाडी हुशार झाली आहे. रॅम्पवरून एकटा वर गेलो. नेहमीच जातो, पण आज जाण्यात एक आत्मविश्वास होता.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

यंत्राचे परिणाम अपेक्षेपेक्षा खोल आहेत. आठवडाभर मी मेट्रोनं ऑफिसला जातो, गाडी बेसमेंटात उभी असते. तरी आज सहज जाऊन बसलो तर गुडघे स्टिअरिंगला टेकले. सीट चार बोटं पुढे सरकलेली. पिकअप वाढल्याचा हा पुरावा.

केतकीला सांगितलं. तिनं विचारलं, "बाबा, पिकअपनं सरकली तर सीट मागे जाईल ना? पुढे कशी?"

"मग ब्रेकही सुधारले असतील," मी म्हणालो.

ती तोंडावर हात ठेवून स्वयंपाकघरात गेली. आतून दोघींचं हसणं ऐकू आलं. हल्ली या मायलेकींचं फार जमतं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

पेट्रोल झपाट्यानं उतरतंय. याला शास्त्रीय आधार आहे. हवा जास्त गेली की पेट्रोलही जास्त लागणारच. म्हणजे यंत्र हवा कोंबतंय हे सिद्ध झालं. आरसाही रोज खाली झुकलेला सापडतो, तो कंपनांमुळे. मागच्या काचेवर लाल चिकटपट्टीचे दोन तुकडे होते, एक उभा, एक आडवा, ते सोसायटीतल्या पोरांचे उद्योग. मागच्या सीटखाली कोथिंबिरीची काडी सापडली तिचं कारण मात्र अजून कळलेलं नाही.

चेतना प्राणायाम शिकते आहे. कोणी अलकनंदाताई आहेत, त्यांचा सकाळी फोन येतो. आज मी घरी होतो म्हणून कानावर पडलं. "हो ताई, हळूहळू सोडते. एकदम सोडलं की आचके बसतात. हो, चढावर आधी धरून ठेवायचं, मग सोडायचं." श्वासाबद्दल इतका बारकाईनं विचार करणारी बाई भेटली, बरं झालं. चेतनाचा चेहराही हल्ली तरतरीत दिसतो.

तिला यंत्राची प्रगती सांगितली. तिनं विचारलं, "अहो, रॅम्पवर पहिला गिअर टाकून बघितलात का कधी?"

मला वाईट वाटलं, पण रागावलो नाही. गाडी नवीन होती तेव्हा एका रविवारी तिला शिकवायला नेलं होतं. दहा मिनिटांत ती रस्त्यात उतरली आणि रिक्षा करून घरी गेली. मी जरा मोठ्यानं बोललो असेन. काही माणसांना यंत्राची आवडच नसते.

१ मार्च, रविवार

असोसिएशनला दोन पानी पत्र दिलं. म्हणणं ऐकून न घेता स्टिकर रद्द करण्याची धमकी नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे, सबब रॅम्पवर जाहीर चाचणी घ्यावी. खुराना साहेब दुपारी स्वतः आले. आयुष्यभर चड्ढी-बनियनचा कारखाना चालवलेला माणूस, पण नियमांचं वेड माझ्यापेक्षा जास्त.

"पाटणकर जी, ठीक है। पंद्रह मार्च, संडे, सुबह नौ बजे। चार सवारी। चौथा मैं बैठूँगा, ऑब्ज़र्वर।"

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. नव्वद किलोंच्या खाली नसावेत. पण आता माघार घेणं शक्य नव्हतं.

"गाड़ी चढ़ गई तो नोटिस वापस। नहीं चढ़ी तो स्टिकर मेरे हाथ में।"

"बिल्कुल," मी म्हणालो. ते गेल्यावर एकही जिना न चढता मला धाप लागल्यासारखं झालं. चेतनानं पाणी आणून दिलं आणि ती शेजारी बसून राहिली.

११ मार्च, बुधवार

विचित्र दिवस. बैठक रद्द झाली म्हणून साडेअकरालाच परत आलो. यंत्राची किणकिण ऐकावी म्हणून थेट बेसमेंटात उतरलो तर जागा रिकामी! गाडी नाही! गार्डला हाक मारली. तो म्हणाला, "साहब, गाड़ी तो मैडम..." आणि मग एकदम खोकायला लागला. "मुझे नहीं पता साहब, अभी ड्यूटी पे आया हूँ।"

पोलिसांना फोन करायचा तर आरसी हवी. वर घरी गेलो, कुलूप. कपाटं उपसून आरसी शोधली, सापडेना. पुन्हा खाली आलो तर गाडी जागेवर, दोन्ही पिवळ्या रेघांच्या बरोबर मध्ये. इतकी सरळ मलाही लावता येत नाही. बॉनेटला हात लावला तर गरम.

शांतपणे विचार केला. मी पहिल्यांदा घाईत दुसऱ्याच लेनमध्ये शोधत असणार. सगळे खांब सारखेच दिसतात. आणि बॉनेट गरम असण्याचा अर्थ, यंत्र बंद असतानाही ऊर्जा साठवून ठेवतं. हे डब्यावर लिहिलेलं नाही. कंपनीला कळवायला हवं.

वर आलो तर चेतना दारात, कपाळावर घाम. प्राणायामानं एवढा घाम येतो हे माहीत नव्हतं.

१५ मार्च, रविवार

सगळं क्रमानं लिहितो.

पावणेनऊला आम्ही खाली. वीस-पंचवीस माणसं जमलेली. टॉवर सीमधून कोणीतरी चहाचा थर्मास आणला होता. खुराना साहेब पुढे बसले, सीटचा पट्टा त्यांना पुरेना. मागे चेतना आणि केतकी. मी गाडी सुरू केली, लाल बटण दाबलं, किणकिण सुरू झाली.

"ये क्या आवाज़ है?" खुराना साहेब.

"सुपरचार्जर," मी म्हणालो. त्यांनी भुवया उंचावल्या. त्या क्षणी मला फार बरं वाटलं.

पहिल्यात गाडी हलवली, दुसरा टाकला, रॅम्पला लागलो. एक तृतीयांश आलो. अर्ध्यावर आलो. पाय पूर्ण दाबलेला होता. किणकिण टिपेला गेली. मग गाडीनं तो ओळखीचा आचका दिला आणि बंद पडली. पंखा मात्र चालू होता. सगळ्या शांततेत तेवढाच आवाज.

दुसऱ्यांदा प्रयत्न केला. गाडी हातभर मागे गेली, खालून आरडाओरडा झाला. खुराना साहेब हळू आवाजात म्हणाले, "पाटणकर जी, रहने दीजिए।" त्यांच्या आवाजात दया होती. ती मला स्टिकरपेक्षा जास्त लागली.

मागून चेतना म्हणाली, "खुराना जी, नियम में क्या लिखा है? गाड़ी चढ़नी चाहिए, चार लोगों के साथ। कौन चलाएगा, ये लिखा है?"

खुराना साहेबांनी खिशातून कागद काढला, चष्मा लावला, वाचला. "नहीं लिखा।"

"अहो, हँडब्रेक ओढा आणि मागे या."

मी बावीस वर्षं नियमांचे अर्थ लावतोय. तिचा मुद्दा बरोबर होता. त्यामुळे उतरलो, आणि ती पुढे जाऊन बसली. तिनं सीट चार बोटं पुढे घेतली. आरसा खाली झुकवला. लाल बटण बंद केलं. "याच्या आवाजात इंजिन ऐकू येत नाही," ती म्हणाली.

तिनं पहिला टाकला. हँडब्रेक धरून ठेवला, हळू सोडला. गाडी उठली आणि त्याच गिअरमध्ये, घाई न करता, आम्हा चौघांना घेऊन वर उन्हात आली. खाली टाळ्या वाजल्या. फाटकाजवळ एक उंच बाई उभ्या होत्या, टी-शर्टावर ड्रायव्हिंग स्कूलचं नाव. त्या नाचत होत्या. केतकी ओरडली, "अलकनंदाताई, पाहिलंत?"

खुराना साहेब उतरले. "भाभी जी, नोटिस वापस," म्हणाले आणि मला म्हणाले, "आपका सुपरचार्जर तो बढ़िया निकला।" त्यांना ते पंख्याबद्दल म्हणायचं होतं की कशाबद्दल, मी विचारलं नाही.

आता ज्याची लाज वाटते ते लिहितो. घरात आल्यावर मी चिडलो. स्टिकर वाचला होता आणि मी चिडलो. "दोन महिने मला न विचारता? माझ्या परवानगीशिवाय?"

चेतनानं फ्रिजवरून फाईल काढली, पानं उलटली आणि माझ्यापुढे ठेवली. मी पहिल्यांदा वाचलं.

"विषय: गाडी शिकण्याबाबत. १४ तारखेला तुमच्या छातीत दुखत होतं तेव्हा तीन कॅबवाल्यांनी नाही म्हटलं. चौथा यायला पस्तीस मिनिटं लागली. तेवढा वेळ तुम्ही लॉबीच्या पायरीवर बसला होतात आणि गाडीची किल्ली माझ्या हातात होती. असं पुन्हा होऊ नये. रोज अकरा ते बारा अलकनंदाताईंकडे शिकायचं आहे, आपल्याच गाडीवर. मंजुरी मिळावी. चेतना, २२ जानेवारी."

खाली हिरव्या शाईत: "मान्य. नियमानुसार कार्यवाही व्हावी. सु. पा. २४/१."

"मला वाटलं होतं, वाचाल आणि काहीतरी बोलाल," ती म्हणाली. "शनिवारभर वाट बघितली. तुम्ही म्हणालात, चहात साखर कमी आहे."

मला पुढचं नीट दिसेना. केतकी आतल्या खोलीत निघून गेली. मी चेतनाला म्हणालो की माझं चुकलं. हे कागदावर नाही, तोंडी म्हणालो. ती म्हणाली, "मग परवा टेस्टला चला. वेळ घेतली आहे. ते पान उलटून बघा, त्यालाही तुमची मंजुरी आहे."

होती. कालचीच.

१७ मार्च, मंगळवार

केतकीनं काल पंखा काढून टाकला. गाडी आता नक्कीच हलकी वाटते, असं मी म्हणालो, तर तिनं अशा नजरेनं पाहिलं की वाक्य तिथेच सोडलं.

सकाळी उपाशीपोटी निघालो. रात्री झोप लागली नव्हती. ट्रेडमिलवर काय निघेल, निघालं तर मग काय, हेच डोक्यात. चेतनाला सांगितलं की मला भीती वाटतेय. ती म्हणाली, मलाही वाटतेय.

बेसमेंटात ती चालकाच्या जागेवर बसली. मी शेजारी. इतक्या वर्षांत त्या बाजूनं मी स्वतःची गाडी कधी पाहिली नव्हती. पायांनी काय करायचं कळत नव्हतं, दोनदा नसलेला ब्रेक दाबला. चेतना हसली नाही. रॅम्पच्या तोंडाशी गाडी आली. मागे दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या. एकाचं वजन तरी कमी होईल म्हणून मी दार उघडलं आणि एक पाय बाहेर टाकला.

"कुठे निघालात?" चेतना म्हणाली.

"मी चालत येतो वर. तू हो पुढे."

तिनं हँडब्रेक ओढला, माझ्यावरून हात लांब करून दार लावून घेतलं आणि पहिला गिअर टाकला.

"बसा गप्प. तुम्हाला घेऊनच चढायचंय मला."